रोग हाल्याला, औषध पखालीला

पावसाळा ओसरला की मुंबई-ठाण्याकडील गृहनिर्माण सहकारी संस्थांमध्ये दुसरा एक मोसम सुरू होतो. तो तोडफोडीचा. चार महिने भिंतींवर उमटलेले ओलीचे नकाशे आता वाळू लागलेले असतात, छताच्या रंगाचे पोपडे गळून झालेले असतात आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘वरच्यांच्या मोरीतून गळते’ व ‘आमच्या मोरीतून थेंबही गळत नाही’ या दोन सनातन भूमिकांवर यथास्थित वादंग झालेले असते. मग एके सकाळी गवंडी येतो, छिन्नी-हातोडा बाहेर काढतो आणि कोणाच्या तरी न्हाणीघरातील लादीवर पहिला घाव घालतो. पाणी नेमके कोठून येते, हा प्रश्न या साऱ्या खटाटोपात कोणी विचारलेला असतोच असे नाही. खाली ओल आहे आणि वर पाण्याचा वापर आहे, एवढा पुरावा आपल्याकडे एखाद्याचे घर फोडण्यास पुरेसा समजला जातो.

प्रस्तुत लेखकाच्या इमारतीत काही वर्षांपूर्वी असेच घडले. दुसऱ्या मजल्यावरील एका बिऱ्हाडाच्या शयनगृहाच्या छताला कोपऱ्यात ओल आली. वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहात असत. त्यांचे न्हाणीघर त्या कोपऱ्याला लागून होते. कार्यकारिणीने त्यांना पत्र धाडले, मग दुसरे धाडले, आणि तिसऱ्या पत्रात कायदेशीर कारवाईची भाषा आली. बाईंनी साठविलेल्या पैशांतून न्हाणीघर उकरले, कोबा नवा केला, लाद्या नव्या बसविल्या. तीन आठवडे त्या शेजारच्या घरी आंघोळीस जात होत्या. काम पुरे झाले आणि ओल होती तेथेच, होती तेवढीच राहिली. गवंड्याचे म्हणणे पडले, ‘आता स्वयंपाकघराची मोरी उघडून पाहू.’ एव्हाना दोन्ही घरांतील बोलणे बंद झाले होते.

‘रोग हाल्याला आणि औषध पखालीला’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. परंतु इमारतींतील गळतीच्या बाबतीत ती आपली रूढ कार्यपद्धतीच होऊन बसली आहे. गळती दुरुस्त करण्याआधी ती शोधावी लागते, शोधण्याचे एक शास्त्र आहे, आणि त्या शास्त्राचा मोठा भाग अतिशय स्वस्त आहे, ही गोष्ट आपल्या गृहसंस्थांना आणि त्यांचे नियम करणाऱ्या शासनाला अद्याप उमगलेली दिसत नाही.

पाणी कसे फसविते

पाणी उताराकडे धावते, हे शाळेत शिकलेले सत्य इमारतीच्या पोटात अपुरे पडते. विटा आणि गिलावा यांच्या सूक्ष्म छिद्रांतून ते केशाकर्षणाने वरही चढते. काँक्रीटच्या स्लॅबमध्ये ते दोन दिवसांच्या कामामधल्या सांध्यातून, बारीक भेगेतून किंवा विजेच्या तारांसाठी घातलेल्या नळीतून आडवे प्रवास करते आणि पंख्याच्या आकड्यापाशी किंवा दिव्याच्या जागी बाहेर पडते. म्हणजे ओल जेथे दिसते ती पाण्याची बाहेर पडण्याची जागा असते. ते शिरले कोठून, याविषयी तो डाग काहीच सांगत नाही.

यात आपल्याकडील बांधकामपद्धतीची भर पडते. आपल्या असंख्य इमारतींत न्हाणीघराची स्लॅब शेजारच्या खोल्यांपेक्षा खोल घेतलेली असते. त्या खोलगट भागात सांडपाण्याच्या नळ्या टाकून वीटतुकड्यांचे भरण करतात व त्यावर लाद्या बसवितात. नहाणी ट्रॅपभोवतीचा सांधा किंवा लाद्यांमधील दर्जा उघड्या पडल्या की हे भरण पाणी पिऊ लागते. ते स्पंजासारखे असते. पुष्कळ दिवस पाणी साठविते आणि मग सावकाश सोडते. त्यामुळे खरा दोष दुरुस्त झाल्यावरही खाली कित्येक आठवडे पाझर चालू राहू शकतो. तो पाहून ‘दुरुस्ती फसली’ असा निष्कर्ष काढला जातो आणि बरे झालेले घर पुन्हा फोडले जाते. गच्चीवरील वीटतुकड्यांच्या कोब्याचीही हीच कथा. पाऊस थांबल्यानंतर छत गळू लागले, म्हणजे ते पावसाचे पाणी नव्हे, असे म्हणता येत नाही.

आता कोणी विचारील की, एका डागाचे एवढे स्तोम कशाला? दर सेकंदाला एक थेंब गळला तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर ते सव्वाचार लिटरांच्या आसपास भरते. माणशी रोज १३५ लिटर पाण्याचा हिशेब धरणाऱ्या शहराला ही नासाडी फार मोठी वाटणार नाही. खरे नुकसान दुसरीकडे होते. चांगल्या काँक्रीटमधील तीव्र क्षारता आतील सळईला गंजापासून जपते. हवेतील कार्बन डायऑक्साइड आत मुरला की ही क्षारता कमी होते, आणि समुद्रकाठच्या हवेतील क्षार ते संरक्षण भेदतात. पुढे ओलावा आणि प्राणवायू मिळाला की सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो; ती न मिळाल्याने वरचे काँक्रीट फुटते आणि ढपले निघू लागतात. वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या आणि तीन बाजूंनी समुद्र असलेल्या मुंबईत अशा डागाकडे डोळेझाक करणे म्हणजे तुळईच्या आयुष्यातून वर्षे वजा करणे होय.

शोधाची साधने

शोधाचे पहिले साधन फुकटचे आहे. ते म्हणजे घड्याळ. ओल अहोरात्र, बारा महिने सारखीच असेल तर संशय सतत दाबाखाली असणाऱ्या नळीवर जातो. आंघोळी, धुणी-भांडी यांच्या वेळेनंतर वाढत असेल तर सांडपाण्याची नळी, नहाणी ट्रॅप किंवा लाद्यांच्या दर्जा. केवळ पावसाळ्यात येत असेल तर गच्ची, बाहेरची भिंत, खिडकीचा छज्जा. डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारून तारीख व वेळ लिहीत गेले तर आठ-पंधरा दिवसांत भिंतच साक्ष देऊ लागते. भरणात साठलेल्या पाण्यामुळे ही साक्ष कधी उशिरा येते, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते.

दुसरे साधन मीटर. घरातील सर्व नळ बंद करून मीटरचा काटा पाहावा. तो हलत असेल तर पाणी कोठेतरी जात आहे. घरोघरी मीटर नसेल तेथे गच्चीवरील टाकीचा उपयोग करता येतो. रात्री पंप बंद असताना टाकीतील पाण्याची पातळी खडूने नोंदवावी आणि खाली उतरणाऱ्या नळ्यांच्या झडपा एकेक रात्र बंद ठेवून कोणत्या झडपेमुळे घट थांबते ते पाहावे. याला लागते ती चिकाटी आणि रहिवाशांचे सहकार्य. दुर्दैवाने याच दोन वस्तू बाजारात विकत मिळत नाहीत.

पुढची पायरी रंगाची आणि पाण्याची. नहाणी ट्रॅपचे तोंड बंद करून न्हाणीघरात रंगीत पाणी साठवायचे आणि खाली तो रंग उतरतो का ते पाहायचे. फ्लुओरेसीनसारखा रंग असेल तर अतिनील दिव्याखाली त्याची अल्पशी मात्राही हिरवी चमकते. दोन न्हाणीघरांवर संशय असेल तर दोन रंग वापरता येतात. मात्र एक सावधगिरी हवी. रंग उतरला तर दोष सिद्ध होतो. रंग उतरला नाही म्हणून निर्दोषत्व सिद्ध होत नाही, कारण भरण रंग शोषून घेते आणि वाटेत अडकवूनही ठेवते. गच्चीवर पन्हळींची तोंडे बुजवून एक ते तीन दिवस पाणी उभे करण्याची चाचणी सर्वांस ठाऊक आहे. इंचभर पाण्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे पंचवीस किलो होते, हे मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. जर्जर स्लॅबवर ही चाचणी अभियंत्यास विचारल्यावाचून करू नये.

नळीचा दोष ओळखण्यास दाबाची चाचणी हे विश्वसनीय साधन आहे. नळीची तोंडे बंद करून हातपंपाने दाब द्यायचा आणि दाबमापकाचा काटा पाहायचा. तो स्थिर राहिला तर ती नळी निर्दोष. उतरू लागला तर दोष त्या दोन टोकांच्या मध्ये. अर्ध्या-पाऊण तासात एका नळीची चौकशी संपते आणि एक लादीही फुटत नाही. असे असूनही ही चाचणी न करता लाद्या फोडणारे कारागीर पैशाला पासरी आहेत.

यानंतर येतात ती महागडी उपकरणे. अलीकडे जाहिरातींतून त्यांचा मोठा गवगवा होतो, म्हणून त्यांच्या मर्यादा सांगणे अधिक अगत्याचे आहे. आर्द्रतामापकाच्या दोन सुया भिंतीत टोचल्या की त्यांच्यामधील विजेचा रोध मोजला जातो. ओल जास्त तितका रोध कमी. परंतु भिंतीला लोणा लागला असेल तर त्यातील क्षार हाच परिणाम घडवितात आणि वाळत आलेली भिंतही ओलीचिंब ठरते. म्हणून एका आकड्यावर विसंबू नये. भिंतीवर चौकटी आखून प्रत्येक ठिकाणचा आकडा घ्यावा आणि ओल कोणत्या दिशेला वाढत जाते ते पाहावे.

विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाला १८०० साली सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तांबड्याच्या पलीकडे, डोळ्यांना न दिसणारी उष्णता तापमापकाने सापडली. त्याच अवरक्त किरणांवर आजचा तापचित्रण कॅमेरा चालतो. ओल्या जागी बाष्पीभवन होऊन पृष्ठभाग थंड राहतो, आणि तो थंडावा कॅमेरा रंगांत दाखवितो. परंतु हा कॅमेरा भिंतीच्या आत पाहतो ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. त्याला दिसते ते केवळ पृष्ठभागाचे तापमान. चकचकीत लादी समोरच्या वस्तूंची उष्णता परावर्तित करून त्याला फसविते. आणि ऐन श्रावणात, हवा बाष्पाने भरलेली असताना, भिंत व हवा एकाच तापमानाची झाली की त्याला फरक दिसणेच दुरापास्त होते. गळती सर्वांत जास्त असते तेव्हा हे उपकरण सर्वांत आंधळे असू शकते, हे ते भाड्याने आणणाऱ्यांनी जाणून घ्यावे.

ध्वनीवरून गळती ओळखण्याची विद्या जुनी आहे. दाबाखालील पाणी छिद्रातून सुटताना सूक्ष्म आवाज करते. नळीवर दांडी टेकवून तो कानाने टिपणारे कामगार ही पाणीपुरवठा खात्यांची खरी संपत्ती होय. आज तेच काम विद्युत-उपकरणे करतात. नळीच्या दोन टोकांना संवेदक लावून आवाज पोहोचण्यातील वेळेचा फरक मोजला की छिद्र कोणत्या टोकापासून किती अंतरावर आहे ते गणिताने सांगता येते. आवारातील जमिनीखालच्या लांब नळीसाठी ही पद्धत उत्तम. घरातील नळ्या मात्र आखूड असतात, आता त्या बहुधा प्लॅस्टिकच्या असतात आणि प्लॅस्टिक आवाज गिळते. शिवाय टाकीपासून दहा मीटर खाली नळीत जेमतेम एक बार दाब मिळतो. वरच्या मजल्यांवर त्याहूनही कमी. अशा ठिकाणी वायूची पद्धत कामी येते. नळी रिकामी करून तीत पाच टक्के हायड्रोजन व पंच्याण्णव टक्के नायट्रोजन यांचे मिश्रण सोडतात. या प्रमाणात ते पेट घेत नाही. हायड्रोजन हा सर्वांत हलका वायू. तो बारीकशा छिद्रातून सुटून दर्जांमधून वर येतो आणि संवेदक तो टिपतो. सांडपाण्याच्या नळीत कॅमेरा उतरवून आतील भेग प्रत्यक्ष पाहण्याचीही सोय आता आहे.

या साऱ्यांतून निघणारा बोध एकच आहे. कोणतेही एक उपकरण सर्वज्ञ नाही. ऑस्ट्रियातील एका खानावळवाल्याचा मुलगा, लिओपोल्ड आउएनब्रुगर, वडिलांना पिंपे ठोकून त्यांतील मद्याची पातळी ओळखताना पाहात असे, असे सांगतात. पुढे वैद्य झाल्यावर त्याने रोग्याची छाती बोटांनी ठोकून आतील विकार ओळखण्याची रीत १७६१ साली जगापुढे मांडली. आपले जुने गवंडीही लादी ठोकून पोकळ आवाज ओळखतात. तेव्हा शोधबुद्धीचा आपल्याला परिचय नाही असे नव्हे. ठोकून पाहणे आणि ठोकून फोडणे यांमधला फरक मात्र आपण विसरलो आहोत.

कायदा काय सांगतो

आदर्श उपविधींनी खर्चाची वाटणी केलेली आहे. गच्चीतून, पावसामुळे किंवा बाहेरील सामाईक नळ्यांतून होणारी गळती संस्थेने दुरुस्त करावयाची. सदनिकेतील शौचालय, मोरी इत्यादींमधून होणारी सभासदाने. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतींची पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांवरील इमारतींची तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी करावी, असेही उपविधी सांगतात. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब अन्वये तीस वर्षांवरील इमारतींना नोंदणीकृत अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी लागते. या तरतुदी स्वागतार्हच आहेत. परंतु या तपासण्या प्रामुख्याने काँक्रीट व लोखंड किती खचले ते सांगण्यासाठी आहेत. आणि खर्चाची वाटणी तर गळती कोठे आहे हे आधीच ठरले आहे, असे गृहीत धरूनच चालते. ते ठरवावयाचे कसे आणि कोणी, याविषयी रोजच्या व्यवहारात कार्यकारिणीची समजूत हाच नियम ठरतो. येथे एक गैरसोयीची गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. दोष सदनिकेत सापडला तर खर्च एकट्या सभासदाचा, बाहेर सापडला तर सर्वांचा; तेव्हा निकाल देणाऱ्यांचा हितसंबंध कोणत्या बाजूला असणार, हे सांगावयास ज्योतिषी नको.

यास्तव चार सुधारणा सुचवाव्याशा वाटतात. पहिली, लेखी शोध-अहवालावाचून कोणत्याही सभासदास घर फोडण्याची नोटीस देता येऊ नये. आणि त्या अहवालास निदान दोन भिन्न पद्धतींचा आधार असावा. दुसरी, शोधाचा खर्च प्रथम संस्थेने करावा आणि दोष ज्याच्या नळीत सापडेल त्याच्याकडून तो वसूल करावा. म्हणजे गरीब सभासदाला निर्दोषत्व विकत घ्यावे लागणार नाही. तिसरी, शोध घेणारा आणि दुरुस्तीचे कंत्राट घेणारा एकच इसम नसावा. ज्याचे पोट लाद्या बसविण्यावर चालते, त्याला लाद्या फोडण्याची गरज सर्वत्र दिसल्यास नवल नाही. चौथी, नवे न्हाणीघर करताना लाद्या बसविण्यापूर्वी पाणी साठवून चाचणी घ्यावी, उघड्या नळ्यांची छायाचित्रे काढावीत आणि ती संस्थेच्या दप्तरी ठेवावीत. वीस वर्षांनी भिंतीत नळी कोठे आहे याचा शोध छिन्नीने घेण्यापेक्षा दप्तरात घेणे केव्हाही बरे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील प्लंबरच्या अभ्यासक्रमात गळतीच्या शोधाला जोडणीइतकेच महत्त्व मिळाले, तर या सुधारणा राबविणारे हातही मिळतील.

खर्च वाढेल, हा आक्षेप घेतला जाईल. परंतु वर सांगितलेल्या पद्धतींपैकी निम्म्या जवळजवळ फुकट आहेत, आणि सर्वांत महाग चाचणीही एक न्हाणीघर विनाकारण फोडण्याहून बहुधा स्वस्तच पडते. दुसरा आक्षेप असा की, एवढे करूनही शोध चुकू शकतो. चुकू शकतो, यात शंका नाही. पण चाचणी चुकली तर दुसरी करता येते. फोडलेले घर, खर्चलेली पुंजी आणि तुटलेला शेजार पूर्वस्थितीला आणता येत नाही.

आमच्या इमारतीतील ओलीचा उलगडा अखेर झाला. तो कोणत्याही उपकरणाने केला नाही. कामास आलेल्या एका तरुण प्लंबरने हातोडा पिशवीतच ठेवला आणि विचारले, ‘ओल वाढते कधी?’ हा प्रश्न तोवर कोणी विचारला नव्हता. छतावर रेघा मारल्या गेल्या. रोज पहाटे ओल रेघेबाहेर सरके आणि संध्याकाळपर्यंत मागे येई. पहाटे चालतो तो टाकीत पाणी चढविणारा पंप! ती चढती नळी बाहेरच्या भिंतीवर, पावसाच्या पन्हळीमागे दडलेली होती. पंप चालू असताना विजेरी धरून पाहिले, तेव्हा तिच्या एका सांध्यातून भिंतीतील भेगेवर पाण्याची बारीक चिळकांडी उडताना दिसली. पावसाळ्यात ती भिंत ओली दिसण्याचे कोणास नवल वाटले नव्हते. सांधा बदलण्यास अर्धा दिवस लागला आणि एकही लादी फुटली नाही.

नळी संस्थेची होती. बाईंचा खर्च परत करण्याचा ठराव पुढील सर्वसाधारण सभेत एकमताने संमत झाला आणि पैसेही यथाकाल मिळाले. तिन्ही पत्रांवर ज्यांच्या सह्या होत्या, त्यांपैकी तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून कोणी गेल्याचे मात्र ऐकिवात नाही. त्या सह्यांमध्ये एक प्रस्तुत लेखकाचीही होती.